वादळाचा डोळा पाहणारे आणि डोळ्याखाली राहणारे

ऑक्टोबर २०१३ चा दुसरा आठवडा. देशभर दसऱ्याची धामधूम सुरू होती. नागपूरच्या दीक्षाभूमीकडे नेहमीप्रमाणे जथ्थे निघाले होते, तिकडे ओडिशात आणि बंगालमध्ये दुर्गापूजेचे मंडप उभे राहिले होते. आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरात 'फायलिन' नावाचे चक्रीवादळ तासातासाला ताकद वाढवत ओडिशाच्या किनाऱ्याकडे सरकत होते. हे नाव थायलंडने दिलेले, अर्थ नीलम रत्न. वादळांना रत्नांची नावे देण्याची हौस माणसालाच सुचू शकते!

त्या चार दिवसांत जगभरचे हवामानाचे शौकीन उपग्रहाच्या चित्रांसमोर ठाण मांडून बसले होते. हे लोक कोणत्याही सरकारी खात्यात नोकरीला नव्हते. कोणी शिक्षक, कोणी संगणक अभियंता, कोणी कॉलेजचा विद्यार्थी. पण ढगांच्या चकतीच्या मध्यभागी तो काळा ठिपका, म्हणजे वादळाचा डोळा, कधी उघडतो, त्याच्याभोवतीचे कडे किती घट्ट आहे, समुद्राचे तापमान किती आहे, यावर त्यांची रात्रंदिवस चर्चा चालू होती. आणि ही चर्चा थोड्याच वेळात भांडणावर आली. हवाई बेटांवरील अमेरिकी लष्कराचे वादळ-इशारा केंद्र या वादळाला जी ताकद देत होते, ती आपल्या हवामान खात्याच्या आकड्याहून बरीच जास्त होती. आपले खाते म्हणत होते, ताशी २१० ते २२० किलोमीटरचे वारे. तिकडे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतचे आकडे फिरत होते. भारत सरकार धोका लपवते आहे, ओडिशात पुन्हा १९९९ होणार, असा गलका झाला. एका अमेरिकी हवामान-लेखकाने तर भारत हे वादळ फार कमी लेखतो आहे, असे जाहीरपणे लिहिले. आपल्या खात्याच्या प्रमुखांनी त्याला तितकेच ठाम उत्तर दिले आणि आकडा बदलला नाही.

१२ ऑक्टोबरच्या रात्री वादळ गंजाम जिल्ह्यात गोपालपूरजवळ जमिनीवर आले. वारे ताशी २०० ते २१५ किलोमीटरचे होते. म्हणजे आपल्या खात्याचा अंदाज बरोबर ठरला.

या भांडणात खरे-खोटे काय होते, हे आधी समजून घेऊ. अटलांटिक महासागरात अमेरिकेची विमाने थेट वादळात शिरून वारा मोजतात. बंगालच्या उपसागरात तशी विमाने नाहीत. त्यामुळे समुद्रावर असलेल्या वादळाची ताकद मुख्यतः उपग्रहाच्या चित्रावरून ठरवावी लागते. व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात त्याची एक रीत बसवली. ढगांचा आकार, गुंडाळी, डोळ्याची ठेवण पाहून गुण द्यायचे आणि गुणांवरून वारा काढायचा. एकच चित्र दोन जाणकारांनी पाहिले, तर गुणांत थोडा फरक पडतो. शिवाय अमेरिकी केंद्र एका मिनिटाच्या वाऱ्याची सरासरी धरते, आपले खाते तीन मिनिटांची. कमी वेळाची सरासरी घेतली की आकडा मोठा येतो. म्हणजे भांडणाचा काही भाग निव्वळ मोजपट्टीचा होता. पण संशय घेणाऱ्यांना सरसकट मूर्ख ठरवणेही बरोबर नाही. ज्या राज्याने चौदा वर्षांपूर्वी दहा हजार माणसे गमावली, तिथे सरकारच्या आकड्यावर कोणी डोळे मिटून विश्वास का ठेवावा?

वादळ पाहण्याचा हा छंद आपल्या देशात नवा नाही. 'सायक्लोन' हा शब्द ज्याने घडवला तो हेन्री पिडिंग्टन हाही हवामान खात्याचा माणूस नव्हता, कारण तेव्हा असे खातेच नव्हते. तो जहाजाचा कप्तान होता, पुढे कलकत्त्यात सागरी न्यायालयाचा अध्यक्ष झाला. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या नोंदवह्या चाळून वादळात वारा कसा गोल फिरतो, हे त्याने जुळवले आणि १८४८ च्या सुमारास सापाच्या वेटोळ्यावरून ग्रीक शब्द घेऊन हे नाव दिले. मातला नदीवर कलकत्त्याला पर्यायी बंदर बांधायचे इंग्रज सरकारने ठरवले, तेव्हा १८५३ मध्ये पिडिंग्टनने गव्हर्नर जनरल डलहौसीला जाहीर पत्र लिहून कळवले की, ही जागा वादळाच्या लाटेच्या तोंडावर आहे. सरकारने ऐकले नाही. पोर्ट कॅनिंग बांधले. नोव्हेंबर १८६७ च्या वादळात ते उद्ध्वस्त झाले आणि काही वर्षांतच सोडून द्यावे लागले. त्याच्या आधी ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने कलकत्त्यात आणि आसपास पन्नास हजारांहून अधिक माणसे नेली होती. त्यानंतर बंदरांना इशारे देण्याची व्यवस्था आली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. खाते आधी कोणासाठी जागे झाले, हे या क्रमावरून दिसते. जहाजांसाठी, मालासाठी. खाडीच्या काठावर झोपडीत राहणाऱ्यापर्यंत इशारा पोहोचवण्याची फिकीर पुढे शंभर वर्षे कोणाला फारशी नव्हती.

आजचे शौकीन मात्र त्या झोपडीतही आहेत. २०१५ च्या चेन्नईच्या महापुरानंतर 'तामिळनाडू वेदरमॅन' म्हणून प्रदीप जॉन घराघरांत पोहोचले. ते हवामान खात्यात नोकरीला नाहीत. आपल्या कोकणात, मराठवाड्यातही असे अभ्यासू तयार झाले आहेत. जपानचा हिमावारी उपग्रह २०१५ पासून दर दहा मिनिटांना चित्र देतो आणि ते फुकट पाहता येते. युरोपच्या आणि अमेरिकेच्या संगणकांनी काढलेले पुढच्या आठवड्याचे नकाशे मोबाईलवर रंगीत फिरताना दिसतात. आमच्या परिचयातला रायगड जिल्ह्यातला एक तरुण आहे. एका कारखान्यात कंत्राटी कामगार. खाडीच्या काठावर बौद्धवाडीत राहतो. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की हा रात्री दोन वाजेपर्यंत जागतो आणि सकाळी आम्हाला 'जयभीम सर, आज डोळा दिसायला लागलाय' असा निरोप पाठवतो.

या गोष्टीचे मोल आपण कमी लेखता कामा नये. पाऊस कधी येणार हे सांगण्याचा अधिकार आपल्या समाजात कोणाकडे होता? पाडव्याला पंचांग वाचून दाखवणाऱ्या भटजीकडे. नक्षत्राचे वाहन बेडूक की गाढव, मेघ किती कोसावर, हे तो सांगायचा आणि गावाने ते ऐकून दक्षिणा द्यायची. ज्या शेतमजुराच्या पोटाचा प्रश्न पावसावर होता, त्याला पंचांग हातात धरायचीही मुभा नव्हती. त्याची नात आज उपग्रहाचे चित्र वाचते, आकडे तपासते आणि सरकारी खात्याला प्रश्न विचारते, ही मोठीच गोष्ट आहे. ज्ञानावरची एक मक्तेदारी इथे नक्कीच मोडली आहे.

पण वादळात माणूस ज्ञानाने वाचत नाही. तो पक्क्या छपराखाली वाचतो. आणि त्या छपरावरची मक्तेदारी मोडली आहे का, हा खरा प्रश्न आहे. हवामानाच्या शौकिनांच्या नकाशावर तो दिसत नाही आणि वृत्तवाहिन्यांना तो दाखवायचा नसतो.

यासाठी १९९९ कडे जावे लागेल. त्या वर्षी ऑक्टोबरात ओडिशावर दोन वादळे आली. १७-१८ ऑक्टोबरला गंजामला एक धडकून गेले. लोक त्यातून सावरण्याआधीच २९ ऑक्टोबरला पारादीपजवळ महाचक्रीवादळ आले. वारे ताशी २६० किलोमीटरच्या घरात, समुद्राची लाट पाच-सहा मीटर उंच, आणि जमिनीवर आल्यावरही ते दिवसभराहून अधिक काळ जवळपास एकाच जागी घोंगावत राहिले. सरकारी आकड्यानुसार सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यातली आठ हजारांवर एकट्या जगतसिंहपूर जिल्ह्यातली, आणि त्यातही एरसमा तालुक्याचे नाव आजही तिथे दबक्या आवाजात घेतले जाते. दूरध्वनी, वीज, रस्ते सगळे तुटले. राजधानी भुवनेश्वरचाच जगाशी संपर्क राहिला नाही.

वादळ येते आहे हे तेव्हा माहीत नव्हते का? माहीत होते. उपग्रह होता, इशारेही गेले होते. पण इशारा ऐकून माणसाने जायचे कुठे? त्या सबंध किनाऱ्यावर रेडक्रॉसने बांधलेले अवघे २३ वादळनिवारे होते. ज्यांना त्यांत जागा मिळाली ते हजारो लोक जिवंत राहिले. बाकीच्यांनी झाडाला मिठी मारली, छपरावर चढले, नाहीतर घरात बसून राहिले. मेले ते कोण? समुद्राच्या सर्वांत जवळ, सर्वांत सखल जमिनीवर, सर्वांत कच्च्या घरात राहणारे. मासेमार, भूमिहीन शेतमजूर, कोळंबीच्या तलावांसाठी आणि शेतीसाठी खारफुटी तोडून जिथे वस्त्या झाल्या तिथले निर्वासित. शेजारच्या केंद्रापाडा जिल्ह्यातील गावांचा नंतर अभ्यास झाला आणि २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या गावांपुढे खारफुटीचा पट्टा शाबूत होता, तिथे कमी माणसे मेली, असे त्यात आढळले. म्हणजे वादळ एकच, पण समोर झाडे आहेत की नाहीत आणि डोक्यावर स्लॅब आहे की गवत, यावर जगणे-मरणे ठरले. याला दैवी कोप म्हणणारे आजही आहेत. असल्या कोपाला गवताचेच छप्पर नेमके कसे सापडते, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

आता पुन्हा २०१३. फायलिनच्या वेळी ओडिशात जवळजवळ दहा लाख माणसे दोन दिवसांत किनाऱ्यावरून हलवली गेली. पूजेच्या सुट्ट्या रद्द झाल्या. आंध्रात लाखाहून जास्त लोक हलवले. मृत्यूंचा आकडा ओडिशात पन्नासच्या आत राहिला. दहा हजार आणि पन्नास. या दोन आकड्यांमधला फरक कोणी केला? तो उपग्रहाच्या चित्रावर वाद घालणाऱ्यांनी केला नाही आणि पुरीच्या जगन्नाथानेही केला नाही. १९९९ च्या नामुष्कीनंतर राज्याने स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उभे केले, देशात असे पहिलेच. शाळांच्या जोडीने खांबांवर उभे राहणारे पक्के निवारे बांधले, गावोगाव तरुणांच्या तुकड्या तयार केल्या, दरवर्षी सराव घेतला. आज अशा निवाऱ्यांची संख्या आठशेच्या वर आहे. म्हणजे गरिबांचे मरण हे नशीब नसून निर्णय असतो, हे एका गरीब म्हणून हिणवल्या गेलेल्या राज्याने चौदा वर्षांत दाखवून दिले. श्रीमंत म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने यातून शिकायला हरकत नव्हती.

इथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. संयुक्त राष्ट्रांनी कौतुक केले, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. पण शौकिनांचा नकाशा वादळ जमिनीवर आले की विझतो. डोळा फाटला, चकती विस्कटली की सगळे आपापल्या कामाला लागतात, पुढच्या वादळाची वाट पाहतात. गंजामची माणसे मात्र निवाऱ्यातून घरी परतली तेव्हा घर नव्हते. गोपालपूरच्या वाळूवर राहणाऱ्या नोलिया कोळ्यांच्या होड्या आणि जाळी गेली होती. भात पोटरीत असताना आडवे झाले होते. त्याच पावसाने पुढच्या दिवसांत बैतरणी आणि बुढाबलंग या नद्यांना पूर आला आणि बालासोर, मयूरभंजमधली, वादळाच्या वाटेत नसलेली माणसे पाण्यात सापडली. सुरतेच्या यंत्रमागांवर गंजामचे लाखो कामगार आहेत. एका वादळात घर गेले की सुरतेच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्यांत आणखी एकाची भर पडते. या स्थलांतराचा उपग्रह अजून कोणी सोडलेला नाही.

आणि नुकसानभरपाई? ती सातबाऱ्यावर, तिकडच्या भाषेत पट्ट्यावर मिळते. जो दुसऱ्याची जमीन वाट्याने कसतो त्याचे नाव कागदावर नसते. पीक त्याचे बुडते, पैसे मालकाला मिळतात. मालक बहुधा कोणत्या जातीचा आणि वाटेकरी कोणत्या जातीचा, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. घराचेही तेच. गावठाणाबाहेर, सरकारी पडीक जमिनीवर, कालव्याच्या कडेला ज्याचे खोपट आहे त्याला आधी ते खोपट आपलेच होते हे सिद्ध करावे लागते.

आता त्या निवाऱ्याच्या दारात येऊ. ओडिशातील गावात वस्तीला साही म्हणतात. प्रत्येक जातीची साही वेगळी आणि दलितांची साही गावाच्या टोकाला, बहुधा सखल जागी. आपल्याकडे जे गावकुसाबाहेर तेच तिकडे. निवारा बांधायला जागा कोण देतो, कोणत्या साहीजवळ देतो, किल्ली कोणाच्या घरी असते, समितीचा अध्यक्ष कोण, या प्रश्नांची उत्तरे वादळ येण्याच्या फार आधी ठरलेली असतात. हे आम्ही कल्पनेने लिहीत नाही. मे २०१९ मध्ये 'फनी' वादळ पुरीवर आले. हे शरदातले नव्हे, उन्हाळ्यातले वादळ. तेव्हाही बारा लाखांच्या आसपास लोक हलवल्याचे जगभर कौतुक झाले. त्याच पुरी जिल्ह्यातील एका गावात दलित कुटुंबांना सवर्णांनी निवाऱ्यात थारा दिला नाही आणि त्या रात्री त्यांना झाडाखाली, पडक्या भिंतीच्या आडोशाला राहावे लागले, अशी बातमी तेव्हा प्रसिद्ध झाली. वारा ताशी १७०-१८० किलोमीटरने वाहत असतानाही विटाळ शाबूत राहतो! डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिनममध्ये हेच झाले. मदत छावण्यांत दलितांना वेगळे ठेवले गेले, पाण्याच्या टाकीवरून हाकलले गेले. आणि कुजलेली प्रेते उचलायला मात्र दुसऱ्या शहरांतून सफाई कामगार आणले गेले. ते कोणत्या जातीचे होते हे मानवाधिकार संघटनांच्या अहवालांत नोंदलेले आहे. छावणीत शेजारी बसलेला चालत नाही, पण प्रेताजवळ तोच लागतो.

म्हणून 'शून्य मृत्यू' या घोषणेकडे आपण थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'दाना' वादळ भितरकनिका आणि धामरा यांच्यादरम्यान आले. पाच लाखांहून अधिक लोक हलवले गेले आणि सरकारने पुन्हा शून्य मृत्यूचा दावा केला. माणसे वाचली याचा आनंदच आहे आणि ज्या कर्मचाऱ्यांनी, आशा सेविकांनी रात्र रात्र राबून गरोदर बायकांना आधी हलवले त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. पण माणूस जिवंत राहिला एवढ्याने त्याचा हक्क संपतो का? निवाऱ्यात तो कुठे बसला, त्याला वेगळ्या पंगतीत जेवायला लागले का, परत गेल्यावर त्याला काय मिळाले, हे मोजणारा रकाना कोणत्याही अहवालात नाही. जात न नोंदवणे म्हणजे जात नसणे नव्हे. सवर्ण अधिकारी म्हणतो, संकटात आम्ही जात पाहत नाही. साहेब, तुम्ही पाहत नसाल. ज्याच्या हातात किल्ली आहे तो पाहतो.

ओडिशाच्या पाण्याचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट नोंदवतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते तेव्हा पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे होती. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला ओडिशाच्या नद्यांसाठी जी परिषद झाली तिचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषवले. तिथे पूर, दुष्काळ, मलेरिया आणि दारिद्र्य यांनी पिचलेल्या प्रांतापुढे बोलताना त्यांनी आधीच्या समित्यांची दृष्टीच चूक ठरवली. जास्तीचे पाणी हे संकट समजून ते समुद्राकडे ढकलण्याचा विचार सोडा, पाणी ही संपत्ती आहे, ती साठवा आणि तिच्यातून वीज, सिंचन, वाहतूक उभी करा, असा त्यांचा आग्रह होता. पुढचे हिराकूड धरण या विचारातून आले. ते बांधताना विस्थापितांवर, त्यातही आदिवासी आणि दलितांवर जो अन्याय झाला तो नंतरच्या राज्यकर्त्यांचा. बाबासाहेबांचे हे काम आपल्याच कार्यकर्त्यांना फारसे ठाऊक नसते, म्हणून लिहिले. पूर आणि वादळ हा आपला विषय नाही, आपला विषय फक्त अत्याचार आणि आरक्षण, असे समजणाऱ्यांनी ते भाषण मुळातून वाचावे.

आपला किनारा यातून सुटलेला नाही. अरबी समुद्र शांत म्हणून आपण वर्षानुवर्षे निर्धास्त राहिलो. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' वादळ कोकण किनाऱ्याला घासत अलिबाग आणि मुंबईच्या मधल्या पट्ट्यावर आले. शरद ऋतू, मासेमारीचा भर हंगाम, होड्या समुद्रात. अनेक होड्यांवर इशारा ऐकायला बिनतारी यंत्रच नव्हते. मच्छीमार बुडाले. जून २०२० मध्ये 'निसर्ग' श्रीवर्धन-दिवेआगरवर आले तेव्हा सुपारीच्या बागा मोडल्या, त्या बागायतदारांच्या दुःखाला वर्तमानपत्रांत जागा मिळाली. त्या बागांत मजुरी करणाऱ्यांची रोजी किती वर्षांसाठी गेली हे कोणी मोजले? आणि मे २०२१ मध्ये 'तौक्ते'. मुंबईपासून दूर समुद्रात तेलविहिरींवरच्या कामासाठी पी-३०५ नावाचा तराफा उभा होता. त्यावर २६१ माणसे. वादळ येते आहे हे हवामान खात्याने काही दिवस आधी सांगितले होते, शौकिनांनी तर त्याचा तासातासाचा मार्ग काढून दाखवला होता. तराफा बंदरात आणला गेला नाही. सत्तरच्या आसपास कामगार मेले. बहुतेक कंत्राटी, दूरच्या राज्यांतले. त्यांना कोणत्या अंदाजाची कमतरता होती? अंदाज सगळ्यांकडे होता. काम थांबवण्याचा अधिकार मरणाऱ्यांकडे नव्हता.

अलीकडे अरबी समुद्र तापतो आहे आणि जोरदार वादळे वाढत आहेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. वादळनिवारे बांधण्याच्या राष्ट्रीय योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राचाही समावेश २०१५ मध्ये झाला. तेव्हा ओडिशात जे प्रश्न उशिरा विचारले गेले, ते आपल्याकडे इमारतीची जागा ठरतानाच विचारले पाहिजेत. ग्रामसभेत विचारले पाहिजेत. निवारा गावठाणात की वाडीजवळ? समितीवर बौद्धवाडीचा, कातकरी वाडीचा, कोळीवाड्याचा माणूस आहे का? दुसरी किल्ली कोणाकडे? बाया-माणसांसाठी संडास आहे का? कातकऱ्याच्या झोपडीची नोंद आज, ऊन असताना होणार की उडून गेल्यावर?

रायगडच्या त्या तरुणाला आम्ही मागे फोनवर हेच विचारले. तुला फायलिनचा मार्ग पाठ आहे, तौक्तेचा दाब किती उतरला ते पाठ आहे. तुझ्या वाडीतल्या लोकांनी वादळाच्या रात्री कुठे जायचे ठरले आहे? तो म्हणाला, शाळेत. शाळा गावाच्या वरच्या आळीत आहे. किती लांब? दीड किलोमीटर असेल. मध्ये ओढा आहे, त्याला पाणी आले की? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, सर, साकवाचे एका बाजूचे कठडे गेल्या वर्षीच वाहून गेले. आणि शाळेची किल्ली कोणाकडे असते? ते त्याला माहीत नव्हते. येत्या रविवारी आजीला बरोबर घेऊन घरापासून शाळेपर्यंत चालत जातो आणि किती मिनिटे लागली ते कळवतो, असे तो म्हणाला.